माळरानाचे दप्तर

मुंबईहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी भिगवणच्या पुढे उजनीच्या फुगवट्यावरून भीमा ओलांडते, आणि मग जेऊर, केम ही ठाणी मागे टाकीत कुर्डुवाडीला पोचेपर्यंत खिडकीबाहेर जो मुलूख दिसतो, त्याच्या वर्णनासाठी बहुतेक प्रवाशांना एकच शब्द सुचतो, आणि तो म्हणजे ओसाड. मुरमाड चढउतार, त्यांवर मधूनच एखादे हिवर किंवा बोर, पिवळे पडलेले गवत, आणि क्षितिजापर्यंत नजर अडवील असे काहीही नाही. महसुलाच्या दप्तरानेही या जमिनीची दखल फारशा आदराने घेतलेली नाही. कोठे गायरान, कोठे पोटखराबा, कोठे बिनआकारी पड, अशा नोंदींखाली ती कागदोपत्री बसवली गेली. आणि ज्या जमिनीपासून सरकारास आकार मिळत नाही व रयतेस पीक मिळत नाही ती जमीन रिकामी, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या दृढ होत गेली. कुर्डुवाडीच्या माध्यमिक शाळांत शिकणारी मुले याच समजुतीच्या वातावरणात वाढतात. परिसंस्था, अन्नसाखळी, जैवविविधता या संज्ञा त्यांना मुखोद्गत असतात. परंतु त्या संज्ञांच्या मागे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते एखादे दूरचे घनदाट अरण्य आणि त्यातील वाघ. कुर्डू, भोसरे, लऊळ, बारलोणी या भोवतालच्या गावांहून सायकलने शाळेस येताना ज्या माळाच्या कडेने ती रोज जातात, तो माळ स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, आणि ती समजून घ्यावयाची तर तिच्यावर उकिडवे बसून तास-दोन तास पाहत राहण्यावाचून दुसरा उपाय नाही, हे त्यांना सांगणारा क्वचितच कोणी भेटतो.

कुर्डुवाडी हे रेल्वेने वाढवलेले गाव. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराच्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग येथून बार्शीस गेला तेव्हा या स्थानकास बार्शी रोड म्हणत. पुढे तोच अरुंद मार्ग एकीकडे पंढरपूर व दुसरीकडे लातूर गाठीत १९२७ साली मिरजेपर्यंत पोचला, गावात रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि नोकरीनिमित्त ठिकठिकाणची कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. ज्या गावात गाडीच्या येण्याजाण्याची वेळ, इंजिनाच्या दुरुस्तीचा तपशील आणि कोळसापाण्याचा हिशेब रोजच्या रोज वहीत उतरत आला, त्या गावाला नोंदीचे मोल निराळे पटवून देण्याची गरज पडू नये. वन्यजीवांच्या आणि परिसराच्या शिक्षणाचा पायाही, माझ्या मते, नोंद हाच आहे. निसर्गाविषयीचे प्रेम, संवर्धनाची तळमळ, कर्तव्याची जाणीव ही सारी मागाहून येणारी फळे होत. अगोदर लागावी लागते ती एकाच जागी पुनःपुन्हा जाऊन पाहिलेले तारीखवार लिहून ठेवण्याची सवय, आणि ती सवय तेरा ते सोळा या वयात जितकी सहज लागते तितकी पुढे लागत नाही.

कायद्याच्या आणि अभ्यासक्रमाच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडे काही कमी आहे असे म्हणता येणार नाही. मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर देण्याचा हुकूम केला. २००१ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथके शाळाशाळांत निघाली आणि महाराष्ट्रात त्यांची व्यवस्था सामाजिक वनीकरण विभागाकडे आली. इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाचा तर पहिलाच पाठ क्षेत्रभेटीवर आहे. इतके असूनही प्रत्यक्षात जे घडते ते बहुधा वर्षातून एकदा निघणाऱ्या शैक्षणिक सहलीपुरते मर्यादित राहते. सहल वाईट असते असे मी म्हणत नाही. मुलांच्या आयुष्यातील तो आनंदाचा दिवस असतो. पण एका दिवसात पक्षी दिसतो, त्याचा ऋतू दिसत नाही. झाड दिसते, त्याला पालवी केव्हा फुटली आणि फळ केव्हा गळले हे दिसत नाही. परिसरशास्त्र हे मुळात बदलाचे आणि परस्परसंबंधांचे शास्त्र आहे, आणि बदल ओळखण्यास एकाच स्थळाच्या किमान दोन भेटी लागतात, मग ते स्थळ शाळेच्या कुंपणापलीकडचे गायरान का असेना.

या बाबतीत महाराष्ट्रातच घडलेला एक प्रयोग मला अत्यंत मोलाचा वाटतो. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्राचे काम आरंभिले व १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यास रानात जात, सबब ती शाळेत येत नसत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत आहेत, मुले त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, आणि शिक्षक त्याच कुरणावर, हाताशी येणारी पाने, बिया, दगड, किडे यांनाच साधन करून शिकवीत आहे, अशी ती कुरणशाळा. तिचा हेतू प्राथमिक शिक्षणाचा होता, वन्यजीवांच्या अभ्यासाचा नव्हे. तथापि तिच्या मुळाशी असलेली श्रद्धा अशी की गुरे राखणाऱ्या मुलाला कुरणाविषयी अगोदरच पुष्कळ माहीत असते, आणि शिक्षकाने त्या ज्ञानाचा अव्हेर न करता त्याला शिस्त व शब्द पुरवावेत. कुर्डुवाडी ज्यात येते त्या माढा तालुक्यातील कोणत्याही शाळेच्या नववीच्या वर्गात आजही अशी मुले सापडतील ज्यांना टिटवीने अंडी कोठे घातली आहेत, खोकडाचे बीळ कोणत्या बांधात आहे आणि चितूर पहाटे कोणत्या बाजूने ओरडतो हे बिनचूक ठाऊक असते; फक्त हे ज्ञान शाळेत सांगण्याजोगे आहे असे त्यांना वाटत नाही, कारण शाळेने ते कधी विचारलेले नसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभासाठी लागणारे साहित्य अगदी स्वल्प आहे. दर चौरसास चार खुंट्या व चार मीटर सुतळी, एक मोजपट्टी, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची वही एवढे पुरे. गायरानावर एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौरस आखावा, तसाच दुसरा चौरस गुरांना मज्जाव असलेल्या एखाद्या राखीव कुरणात परवानगीने आखावा, आणि तिसरा पिकाच्या बांधावर. तिन्हींच्या खुणा कायम ठेवून दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांत काय काय आहे ते लिहावे. गवताचे किती प्रकार, प्रत्येकाची उंची किती, उघडी जमीन किती, मुंग्यांची बिळे किती, कोणाच्या लेंड्या, कोणते पाऊल. पहिल्या महिन्यात मुले फक्त गवत असे लिहितात. श्रावणात त्यांना तेच गवत चार-पाच प्रकारचे दिसू लागते, आणि गवतास तुरे आल्यावर मारवेल कोणते, पवन्या कोणता, कुसळी कोणती हे त्यांना गावातला एखादा म्हातारा गुराखी सांगू शकतो, कारण जनावर कोणते गवत आधी खाते आणि कोणते शेवटी, हे त्याने जन्मभर पाहिलेले असते. ज्या नावांसाठी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञास सूक्ष्मदर्शक लागतो, ती नावे त्या म्हाताऱ्याला चालता चालता ओळखता येतात. दोघांचीही साक्ष वहीत असावी.

कुसळीचे बी हा तर माळावरचा एक चमत्कारच आहे, आणि तो प्रत्येक मुलाने आपल्या हाताने पाहावा असे मला मनापासून वाटते. कार्तिक महिन्याच्या सुमारास ही कुसळे धोतराला, पायजम्याला, मेंढरांच्या लोकरीला चिकटतात, टोचतात, आणि आपण वैतागून ती उपटून फेकतो. त्यांतील एक कुसळ फेकण्याऐवजी तळहातावर ठेवावे. एका टोकास अणकुचीदार, उलट्या केसांनी मढलेले बी, आणि त्यास जोडलेली तपकिरी, दोरासारखी पीळ घातलेली लांब शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडला की काही क्षणांत पीळ उलगडू लागतो आणि सबंध कुसळ हातावर गरगर फिरते. ते वाळले की पीळ पुन्हा बसतो आणि कुसळ उलट दिशेने फिरते. रात्रीच्या दवाने ओले होणे आणि दिवसाच्या उन्हाने वाळणे यांच्या आलटून पालटून होणाऱ्या क्रियेने हे बी स्वतःला कठीण मुरमाच्या भेगेत खोल रोवून घेते, आणि उलटे केस त्यास परत वर येऊ देत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला पुष्कळसा परतीचा. अशा मुलखात उघड्यावर पडलेले बी करपून जाईल किंवा मुंग्या नेतील, म्हणून त्याने हा मार्ग काढला. ज्या मुलाने हे बी स्वतःच्या तळहातावर फिरताना पाहिले, त्याला अनुकूलन या संज्ञेची व्याख्या घोकावी लागत नाही.

दुसरे काम मी सुचवीन ते घुबडाच्या ओकाऱ्यांचे. गावातील जुन्या, वापरात नसलेल्या इमारतींत, गोदामांत, पडक्या वाड्यांत गव्हाणी घुबड राहते; त्याचे तोंड पांढरेशुभ्र, बदामी आकाराचे, आणि ओरडणे कर्कश, म्हणून लोक त्याला अशुभ मानतात आणि पुष्कळदा दगड मारून हाकलतात. हे घुबड उंदीर सबंध गिळते, आणि न पचलेली हाडे व केस यांचा काळसर, अंगठ्याएवढा गोळा करून काही तासांनी तोंडावाटे टाकून देते. त्याच्या बसण्याच्या जागेखाली असे गोळे पडलेले असतात. ते गोळा करावेत, हातमोजे घालून जंतुनाशक मिसळलेल्या कोमट पाण्यात भिजत ठेवावेत, आणि पांढऱ्या कागदावर सुईने हलके हलके सोडवावेत. आतून निघतात त्या कवट्या, जबडे, मांडीची हाडे, बरगड्या, सारे अखंड. येथून खरा अभ्यास सुरू होतो. जबड्याच्या पुढे नारिंगी झाक असलेले दोन लांब दात, मग मोकळी जागा आणि मग दाढा असतील तर तो उंदराच्या कुळातला. टोकदार दातांची रांग मधल्या मोकळ्या जागेविना सलग असेल तर ती चिचुंदरी. चोच निघाली तर पक्षी. कवट्या मोजल्या की त्या घुबडाने काय काय आणि किती खाल्ले याचा ताळेबंद हाती येतो, आणि तो महिनोन्‌महिने ठेवला म्हणजे ज्वारी उभी असताना आणि ज्वारी निघाल्यानंतर त्याच्या आहारात कोणता फरक पडतो तेही कळते. शेतकऱ्याच्या घरातील मुलीने स्वतःच्या हाताने एकेका गोळ्यातून उंदरांच्या कवट्या काढून वहीत लिहिल्या, तर घुबडास दगड मारू नये हे तिला कोणी सांगण्याची आवश्यकता उरत नाही. उलट तीच घरी जाऊन आजोबांना सांगते.

सोलापूर जिल्ह्यात माळरानाचा विषय निघाला आणि माळढोकाचे नाव निघाले नाही असे होणे शक्य नाही. उभा राहिला असता जवळजवळ मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत अवजड पक्ष्यांपैकी हा एक. टोळ, भुंगेरे, बोरे, शेतातील दाणे असे मिळेल ते खाणारा, आणि मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारी. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर बार्शीच्या रस्त्याला असलेल्या नान्नजच्या परिसरात तो आहे याकडे १९७० नंतरच्या दशकात लक्ष वेधले गेले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेल्या कुरणांत त्यास आसरा मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले, आणि त्यात माढा तालुक्याचाही समावेश होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने डॉ. असद रहमानी यांनी १९८० नंतरच्या दशकात येथे राहून या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास केला. आज संपूर्ण देशात माळढोकांची संख्या दीडशेच्या आत असल्याचे मानले जाते, त्यांपैकी बहुसंख्य राजस्थानात जैसलमेरच्या बाजूस आहेत, आणि नान्नजला एखादा दिसला तरी त्याची वर्तमानपत्रात बातमी होते.

हा इतिहास शाळेत सांगताना त्याची दुसरी बाजू लपवू नये. एवढ्या विस्तीर्ण अभयारण्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या. खरेदी-विक्रीवर आणि विकासकामांवर निर्बंध आले, आणि ज्या पक्ष्याला त्यांतील पुष्कळांनी कधी पाहिलेही नव्हते त्याच्याविषयी लोकांच्या मनात कटुता साचली. पुढे अभयारण्याच्या सीमांची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आले. पण मधल्या काळात उजनीचे पाणी कालव्यांनी आणि उपसा योजनांनी फिरले, मालदांडी ज्वारीच्या जागी ऊस, द्राक्ष, डाळिंब, केळी उभी राहिली, विजेच्या तारा सर्वत्र पसरल्या, आणि समोरचे नीट न दिसणाऱ्या या जड पक्ष्याला त्या तारा चुकवता येईनात. यात खलनायक शोधण्याचा मोह टाळून कारणांची साखळी मांडता येणे, हीच माझ्या दृष्टीने परिसरशिक्षणाची उंच पायरी आहे. नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या आजोबांना विचारावे की तुमच्या तरुणपणी आपल्या शिवारात कोणते पीक होते, विहिरीला पाणी किती हातांवर होते, काळविटांचे कळप येत का, लांडगा दिसे का. मेंढ्यांची खांडे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना विचारावे की लांडग्याने यंदा किती कोकरे नेली आणि तरीही ते त्याला विष का घालत नाहीत, किंवा का घालतात. या मुलाखती गवताच्या नोंदींइतक्याच शास्त्रीय आहेत, फक्त विचारणाराने उत्तर जसेच्या तसे लिहिले पाहिजे.

येथे एका रूढ उपक्रमाविषयी स्पष्ट बोलणे मला अवश्य वाटते. शाळांना पर्यावरणाचे कार्य म्हटले की वृक्षारोपण आठवते, आणि जागा म्हणून माळ आठवतो, कारण तो मोकळा असतो. परंतु माळढोक, धाविक, माळटिटवी, चंडोल, हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून येणाऱ्या आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करणाऱ्या भोवत्या, ही सारी मंडळी मोकळेपणावर जगतात. दूरवर दिसणे हेच त्यांचे संरक्षण. त्या मोकळ्या जागेत गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या झाडांची दाटी केली की ती निघून जातात, आणि गवत सावलीने विरळ होते. हे आपल्याकडे चांगल्या हेतूने, सरकारी खर्चाने, वर्षानुवर्षे घडले आहे. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी झाडे जरूर लावावीत, निंब लावावा, करंज लावावा, आंबा लावावा. माळावर मात्र मुलांनी खड्डे खणण्यापूर्वी तेथे वर्षभर चौरस आखून पाहावे, आणि मग काय लावायचे किंवा काही लावायचेच नाही, हा निर्णय त्यांनीच नोंदींवरून घ्यावा.

उजनीच्या जलाशयाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची कीर्ती आता सर्वदूर आहे. हे धरण याच माढा तालुक्यातले, ११७ टीएमसी पाणी साठवणारे. हिवाळ्यात त्याच्या उथळ काठांवर अग्निपंख उतरतात आणि हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब दिसतात. कुर्डुवाडीच्या मुलांना तेथे जाणे कठीण नाही, आणि जावेच. फक्त जाताना पक्ष्यांबरोबर कोळ्यांच्या जाळ्यांकडेही पाहावे. टोपलीत मूळच्या भीमेतील मासे किती आणि बाहेरून आलेली चिलापी किती, हे मोजून लिहिले, पाण्याचा रंग आणि वास लिहिला, आणि तेच वर्षातून तीनदा केले, तर अग्निपंखांच्या छायाचित्रांपेक्षा तो कागद अधिक दिवस उपयोगी पडेल.

लहान वयातील नोंदीचे मूल्य किती असू शकते याचे एक विलक्षण उदाहरण पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या चरित्रात आहे. १८९६ साली जन्मलेल्या या मुलाने दहा वर्षांच्या आसपास असताना छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारल्या. आणि एका घरट्यावरचा नर मारला की मादी थोड्याच वेळात दुसरा नर मिळवते, तो मारला की तिसरा, असे आठवड्याभरात आठ वेळा घडल्याचे त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले. शिकारीचा अभिमान म्हणून लिहिलेला तो मजकूर कित्येक दशकांनंतर पक्षिनिरीक्षकांच्या नियतकालिकात जसाच्या तसा छापण्यायोग्य ठरला, कारण त्यात घटना आणि क्रम अचूक होता. पुढे १९०८ च्या सुमारास मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारण्यास तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्यास झिडकारण्याऐवजी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. आजच्या मुलाच्या हाती बंदूक नको, आणि कायद्यानेही ती चालणार नाही. परंतु प्रश्न घेऊन आलेल्या मुलापुढे कपाट उघडणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असावा असे मला वाटते. आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की मारुती चितमपल्लींसारखा अरण्याचा जाणता लेखक सोलापुरातच जन्मला आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच निवर्तला. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधील आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरविला आहे. रब्बीची ज्वारी तेव्हा कोवळी असते आणि भोवत्या नुकत्याच आलेल्या असतात. पक्षिगणनेस याहून सोयीचा मुहूर्त माढा तालुक्यात दुसरा नाही.

कायद्याची मर्यादा मुलांना पहिल्याच दिवशी समजावून द्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राणी पकडणे, त्यांची अंडी उचलणे, घरटी मोडणे यांस मनाई केली आहे, आणि अभयारण्यात पाऊल ठेवण्यास वनखात्याची परवानगी लागते. हात लावून शिकणे याचा अर्थ जिवंत प्राण्याला हात लावणे असा मुळीच नाही. कुसळ, विष्ठा, गळलेले पान, ओकारी, ओल्या मातीतील पावलाचा ठसा आणि त्याचा प्लास्टर ओतून काढलेला साचा, यांत हातांना पुरेसे काम आहे. लांडग्याच्या पावलांची रांग जवळजवळ सरळ रेषेत जाते, गावच्या कुत्र्याची इकडेतिकडे भरकटते, हे ठशांवर वाकून सुतळी धरल्यावाचून पटत नाही. शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. आम्हालाच पक्ष्यांची नावे येत नाहीत, मग मुलांना काय सांगावे, असे ते संकोचाने म्हणतात. पण नाव न येणे हा येथे दोष नाही. अनोळखी पक्ष्याचे चित्र काढून, आकार, चोच, जागा, वेळ लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवणारा शिक्षक मुलांना शास्त्राची रीतच शिकवीत असतो. नाव पुढच्या महिन्यात पुस्तकातून, वनरक्षकाकडून किंवा ईबर्डसारख्या संगणकीय नोंदवहीतून मिळते.

अशा वह्यांचा उपयोग शाळेच्या भिंतीपलीकडेही आहे. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी स्थानिक प्रश्नावर गटाने केलेला अभ्यासच मांडावयाचा असतो, आणि ज्यांच्यापाशी दोन वर्षांच्या नोंदी आहेत त्यांना ऐन वेळी विषय शोधावा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती मुदतीच्या घाईत पुरी करण्यात आली, आणि तिच्यातील माहिती पडताळून तीत भर घालण्याचे काम मुलांइतके आस्थेने दुसरे कोणी करील असे वाटत नाही. मात्र त्यासाठी वही एका मुलाची असून चालणार नाही, ती शाळेची असली पाहिजे. दहावीचे विद्यार्थी बाहेर पडतात तेव्हा रेल्वेत किंवा कचेरीत कामाचा चार्ज देण्याचा जो शिरस्ता असतो त्याच रीतीने त्यांनी आठवीच्या मुलांना तिन्ही चौरसांच्या जागा प्रत्यक्ष दाखवाव्यात, खुंट्या हलल्या असतील तर पुन्हा ठोकून द्याव्यात, आणि दोघांच्या सह्या वहीत व्हाव्यात.

राहतो प्रश्न मे महिन्याचा. शाळेला सुट्टी, वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि नेमक्या त्याच महिन्यात माळटिटवी तापलेल्या मुरमावर अंडी उबवीत असते, पाणवठे आटत जातात, आणि गायरानावर गुरांनी काही शिल्लक ठेवले आहे की नाही हे चौरसात सर्वांत स्पष्ट दिसते. त्या महिन्याची पाने कोरी राहिली तर वर्षाचा हिशेब अपुरा राहतो. सबब एप्रिलच्या अखेरीस वही कपाटात न ठेवता, माळाला लागून असलेल्या वस्तीवर राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हवाली करावी, आणि वहीसोबत एक पेन्सिल, एक मोजपट्टी व जूनपर्यंतच्या तारखा आखलेला कागद द्यावा.